‘शाळा’चं ‘साला’ का झालं? पहिला मेकॅनिकल कीबोर्ड आणि स्विचची निवड: एक प्रकरण

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणाऱ्या एका अनुवादिकेचं हे प्रकरण आहे. काम घरून, दिवसाला पाच-सहा तास टायपिंग, तेही इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या लेआउटमध्ये (कळांच्या मांडणीत) आणि कळांकडे न बघता. आधीचा कीबोर्ड साधा मेम्ब्रेनचा, बरीच वर्षं वापरून अक्षरं पुसली गेलेला. रात्री काम करायचं तर त्याच खोलीत मूल झोपलेलं असतं. त्यांनी 87 कळांचा, हॉट-स्वॅप सॉकेटचा मेकॅनिकल कीबोर्ड घेतला, म्हणजे ज्यात प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असतो आणि तो सोल्डरिंगशिवाय काढून बदलता येतो. स्विच निवडले ब्लू. ‘टायपिंगसाठी ब्लू, गेमसाठी रेड’ असं जिथे तिथे वाचलं होतं, म्हणून.

दहा दिवसांनी तक्रारी चार होत्या. वेग कमी झाला. मनगट दुखायला लागलं. आवाजामुळे रात्रीचं काम बंद पडलं. चौथी तक्रार सगळ्यात गंभीर, कारण ती थेट कामात उतरली होती: पाठवलेल्या मजकुरात ‘शाळा’च्या जागी ‘साला’ गेलं होतं.

कीबोर्ड परत करून टाकावा, असा त्यांचा विचार चालला होता. तशी वेळ आली नाही, पण स्विच मात्र बदलावे लागले. ते का बदलावे लागले, हे समजायला कळ दाबताना नेमकं काय होतं ते आधी पाहायला हवं.

कळ कुठे लागते

मेम्ब्रेनच्या कीबोर्डात कळेखाली रबराची टोपी असते. ती दबून पार बसली की खालच्या पडद्यावरचे दोन थर एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटतं. म्हणजे कळ तळाला गेल्याशिवाय काही होत नाही. बोटांना वर्षानुवर्षं तेवढंच ठाऊक असतं: तळापर्यंत दाबायचं.

मेकॅनिकल स्विचमध्ये तसं नाही. चेरी या कंपनीच्या एमएक्स रेडचं उदाहरण घेऊ. एकूण प्रवास 4 मिलिमीटर, पण अक्षर उमटतं 2 मिलिमीटरवर, म्हणजे अर्ध्या वाटेत. जोर लागतो 45 सेंटिन्यूटन; ग्रॅममध्ये सांगायचं तर साधारण तेवढाच. ब्राऊनमध्येही 2 मिलिमीटरच, पण वाटेत एक छोटा उंचवटा लागतो आणि तिथे जोर 55 पर्यंत जातो. ब्लूमध्ये अक्षर 2.2 मिलिमीटरवर उमटतं, जोर 60 पर्यंत लागतो आणि आत एक सुटा तुकडा खाली आपटून ‘टिक्’ असा आवाज करतो.

ब्लूची आणखी एक गोष्ट आहे, जी खोक्यावर लिहिलेली नसते. कळ ज्या उंचीवर लागते त्याच उंचीवर सुटत नाही. सुटायला ती त्याहून बरीच वर यावी लागते. बोट थोडंसं उचललं तरी स्विचच्या लेखी कळ अजून दाबलेलीच असते. रेडसारख्या लिनिअर, म्हणजे वाटेत उंचवटा नसलेल्या स्विचमध्ये लागण्याची आणि सुटण्याची जागा जवळजवळ एकच असते. ब्राऊनमध्ये फरक नावापुरता असतो.

इंग्रजी टाइप करणाऱ्याला याचा त्रास फारसा होत नाही. इन्स्क्रिप्टवाल्याला होतो, कारण इन्स्क्रिप्ट चालतं शिफ्टवर.

शिफ्टचा हिशेब

इंग्रजीत शिफ्ट लागते वाक्याच्या सुरुवातीला, नावांना, एखाद्या प्रश्नचिन्हाला. इन्स्क्रिप्टमध्ये अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे सगळे सुटे स्वर शिफ्टने येतात. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ ही महाप्राण अक्षरंही शिफ्टनेच. वर ण, ळ, श, ष आहेतच. मराठीचं एक वाक्य शिफ्टशिवाय लिहून दाखवा म्हटलं तर डोकं खाजवावं लागेल. (रोमन अक्षरांत लिहून मराठी करून घेणाऱ्यांना हा प्रश्न एवढा येत नाही, त्यांनी इंग्रजी परीक्षणं वाचून स्विच घेतला तरी चालेल. जुन्या टायपरायटरच्या धर्तीच्या रेमिंग्टन लेआउटवाल्यांची कळांची वाटणीच वेगळी, त्यांना हे जसंच्या तसं लागू होणार नाही.)

शिफ्ट दाबतं कोण, तर करंगळी. हातातलं सगळ्यात दुबळं बोट. आणि उजव्या करंगळीकडे इन्स्क्रिप्टने च, ट, ज, ड, य ही रोजची व्यंजनंही देऊन ठेवली आहेत.

‘ठेवण्याच्या’ हा एक शब्द घ्या. ठ, एकार, व, ण, हलन्त, य, काना, च, हलन्त, य, काना: अक्षरांच्या कळा अकरा. त्यातल्या पाच डाव्या मधल्या बोटाच्या, कारण ण, हलन्त आणि काना हे तिन्ही त्याच्याच रांगेत आहेत. चार उजव्या करंगळीच्या: ठ, य, च, य. शिवाय ‘ण’ डाव्या हाताने येतो, म्हणून त्याची शिफ्ट उजवीकडची, तीही उजव्या करंगळीचीच. ‘ठ’ची शिफ्ट डावीकडची. एका शब्दात उजवी करंगळी पाचदा, डावं मधलं बोट पाचदा. तर्जनीला काम एकच, ‘व’.

60 सेंटिन्यूटनचा ब्लू हा सगळा भार करंगळीवर टाकतो. स्विच तर्जनीने दाबून बघितला की सगळेच हलके वाटतात. दुकानात किंवा मित्राकडे स्विच टेस्टर (नमुन्याच्या स्विचची छोटी पाटी) मिळाला तर करंगळीने दाबा, आणि दहा वेळा नाही, शंभर वेळा.

चुका आधी गोळा केल्या

स्विच बदलण्याआधी एक साधी चाचणी घेतली. वर्डमधली आपोआप दुरुस्ती बंद केली. नेहमीच्या कामातला साधारण तीनशे शब्दांचा उतारा नेहमीच्या वेगाने टाइप केला. अट एकच: बॅकस्पेसला हात लावायचा नाही. मग छापून लाल पेनाने चुका वेगळ्या केल्या.

चुका तीन गटांत पडल्या.

पहिल्या गटात शिफ्ट लागलीच नाही. ‘आहे’चं ‘ाहे’ झालं, म्हणजे आधी टिंबांचं वर्तुळ आणि त्याला चिकटलेला काना. हे निदान डोळ्यांना खुपतं तरी. पण ‘काळ’चं ‘काल’, ‘धार’चं ‘दार’, ‘गोळा’चं ‘गोला’, ‘भार’चं ‘बार’, ‘शाळा’चं ‘साला’ होतं तेव्हा दोन्ही शब्द खरे असतात. स्पेलचेक गप्प बसतो. अनुवादाच्या कामात सगळ्यात महाग चूक हीच. ‘भाषा’मध्ये शिफ्ट सुटली तर ‘ष’च्या जागी स्वल्पविराम येतो, तेवढं तरी पटकन दिसतं.

दुसऱ्या गटात शिफ्ट लागली, पण वेळेवर सुटली नाही. ‘आहे’चं ‘आङे’, ‘अळणी’चं ‘अळणई’, ‘शाळा’चं ‘शआळआ’. ‘ह’च्या कळेवर शिफ्टसह ‘ङ’ आहे. एरवी मराठीत वर्षातून चार वेळा लागणारं हे अक्षर या उताऱ्यात वारंवार भेटलं. ‘ङ’ दिसला की समजावं, शिफ्ट रेंगाळतेय.

तिसऱ्या गटात हलन्त गळाला होता: ‘प्रश्न’चं ‘परश्न’. या चुका थोड्या होत्या. डावं मधलं बोट घाईत कळ अर्धीच दाबून पुढे जात होतं.

एकच अक्षर दोनदा उमटण्याची एक चूकही होती, आणि ती फक्त ‘य’वर. तिचं वेगळं बघितलं; पुढे येईल.

पहिल्या दोन गटांचं कारण आता सरळ दिसतं. करंगळी शिफ्ट दाबायला उशीर लावते, तोवर ताकदवान मधलं बोट ‘आ’ची कळ 2.2 मिलिमीटरवर पोचवून मोकळं होतं. मेम्ब्रेनवर हे खपून जायचं, कारण तिथे मधल्या बोटालाही तळापर्यंत जावं लागत असे आणि करंगळीला तेवढा वेळ मिळत असे. उलट शिफ्ट सोडताना करंगळी नेहमीएवढीच उचलली जाते, पण ब्लूला सुटायला त्याहून जास्त वर यावं लागतं. पुढचं अक्षर तोवर शिफ्टखाली सापडतं.

म्हणजे त्यांचं टायपिंग बिघडलं नव्हतं. शिफ्टखाली चुकीचा स्विच होता.

काय निवडलं आणि का

हॉट-स्वॅपचा खरा फायदा इथे कळतो. सगळ्या 87 कळांना एकच स्विच असला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.

अक्षरांसाठी ब्राऊन जातीचे टॅक्टाइल, म्हणजे वाटेत उंचवटा जाणवणारे स्विच घेतले. ब्राऊनची चेष्टा बरीच होते. उंचवटा एवढा बारीक की वाळूचा कण अडकल्यासारखा वाटतो, म्हणतात. ते खोटं नाही. पण तळापर्यंत आपटायची सवय मोडायला तेवढा कणही पुरतो, आणि ‘टिक्’ आवाज जातो. यलो हा 50 ग्रॅमचा लिनिअर पर्यायही समोर होता, आणि तो चांगला आहे. पण अर्ध्यावर थांबणारं मधलं बोट हलन्त गाळत होतं. अशा वेळी कळ लागल्याची काहीतरी खूण बोटाला मिळालेली बरी, म्हणून ब्राऊन.

दोन्ही शिफ्ट, स्पेसबार, एंटर आणि बॅकस्पेस या पाच कळांखाली सायलेंट रेड घातले. हे लिनिअर आहेत, म्हणून शिफ्ट वेळेवर सुटते. जोर 45, अक्षर लागतं 1.9 मिलिमीटरवर, एकूण प्रवास 3.7. दशांश एकाने काही बिघडत नाही किंवा सुधारत नाही. ब्राऊनच्या 55 समोर 45 हा फरक करंगळीला जाणवतो. आत वर-खाली रबराच्या बारीक गाद्या असतात. कीबोर्डात सगळ्यात जास्त आवाज याच पाच लांब कळा करतात, म्हणून महागडे सायलेंट स्विच 87 घेण्यापेक्षा पाच ठिकाणी घालणं पुरलं. सायलेंटचा स्पर्श जरा ओल्या पावासारखा लागतो. अक्षरांच्या कळांवर तो दिवसभर सोसवेलच असं नाही, स्पेसबारवर लक्षातही येत नाही.

खरेदी अशी: ब्राऊन 90, सायलेंट 10. लागले 82 आणि 5. उरलेले सुटे भाग म्हणून ठेवले.

रंगावर विसंबून ऑर्डर देऊ नका, एवढं मात्र सांगायला हवं. रेड, ब्राऊन, ब्लू ही चेरीची नावं इतरांनी उचलली, त्यामुळे त्यांचा अर्थ बहुतेक ठिकाणी सारखा आहे. पुढे मात्र अंदाधुंदी आहे. गेटेरॉन कंपनीचा व्हाइट हलका लिनिअर आहे, तर कैल कंपनीचा बॉक्स व्हाइट चक्क क्लिकी, म्हणजे ब्लूसारखा ‘टिक्’ करणारा. रंगाच्या शेजारी लिनिअर, टॅक्टाइल की क्लिकी हे वाचा, आणि आकडा वाचा.

बदलण्याचं काम

केबल आधी काढली. कळांचा फोटो घेतला, कारण कीकॅपना, म्हणजे कळांवरच्या टोप्यांना, ओळीप्रमाणे उतार असतो आणि वरच्या ओळीची टोपी खालच्या ओळीत बसते खरी, पण बोटाला खुपते. कीकॅप तारेच्या पुलरने काढल्या. खोक्यात येणाऱ्या प्लास्टिकच्या कड्याने टोप्यांच्या कडांवर ओरखडे पडतात.

स्विच काढताना पुलरचे दोन दात स्विचच्या वरच्या आणि खालच्या कडेवरच्या खाचांवर बसवायचे, डाव्या-उजव्या बाजूंना नाही. दाबायचं आणि सरळ वर ओढायचं. हलवत हलवत काढला की खालचं सॉकेट बोर्डावरून उखडण्याची भीती असते, आणि मग सोल्डरिंगशिवाय गत्यंतर नाही.

नवीन स्विच बसवण्याआधी उलटा करून त्याच्या दोन धातूच्या पिना डोळ्यांसमोर धरा. त्या पत्र्याच्या असतात, जराशा धक्क्याने वाकतात. वाकलेली पिन चिमट्याने एकदा सरळ होते. दोनदा वाकली तर तुटू शकते. मग स्विच अगदी उभा धरून अंगठ्याने दाबायचा. जोर लागतोय असं वाटलं तर थांबायचं. काही स्विचना पिनांखेरीज प्लास्टिकचे दोन जास्तीचे पाय असतात. बोर्डाला त्यांची भोकं नसतील तर ते नखं कापायच्या कटरने सपाट कापून टाकावेत. इथले ब्राऊन तसेच जास्तीच्या पायांचे निघाले, पण बोर्डाला भोकं होती.

82 स्विच बसले आणि ‘क’ उमटेना. स्विच बाहेर काढला तर एक पिन सॉकेटमध्ये न जाता दुमडून बुडाला सपाट चिकटलेली. वरून बघताना स्विच व्यवस्थित बसलेला दिसत होता. म्हणून कीकॅप चढवण्याआधी केबल लावून प्रत्येक कळ तपासायची. कळांची कामं बदलून देणाऱ्या व्हायासारख्या सॉफ्टवेअरशी कीबोर्ड जुळत असेल तर त्यात कळा तपासायची सोय असते. नसेल तर मराठी लेआउट लावून कोऱ्या फाइलमध्ये ओळीने सगळं दाबून बघा.

‘य’ दोनदा उमटण्याचं कोडं याच वेळी सुटलं. जुना ब्लू काढण्याआधी ‘य’खालचा आणि स्क्रोल लॉकखालचा स्विच एकमेकांच्या जागी घालून पाहिले. दुहेरी अक्षर स्विचबरोबर हललं असतं तर स्विच खराब, ‘य’वरच राहिलं असतं तर सॉकेट किंवा बोर्ड. ते दोन्हीकडून गेलं. म्हणजे मूळ स्विच सैल बसला होता, नीट बसवल्यावर भागलं. कळ हलली की फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आतला प्रोग्राम, काही मिलिसेकंद थांबून ती खरी की थरथर हे ठरवतं. क्यूएमके या कीबोर्डांच्या फर्मवेअरमध्ये हा काळ मुळात 5 मिलिसेकंद असतो. सैल पिनेची थरथर त्याच्या बाहेर जाते.

शिफ्टचा तारेचा प्रश्न

लांब कळांच्या दोन टोकांना आधार देणारी तार असते, तिला स्टॅबिलायझर म्हणतात. या कीबोर्डच्या तारा कोरड्या होत्या. दोन शिफ्टपैकी उजवी लांब, 2.75 युनिट, म्हणजे साध्या अक्षराच्या कळेच्या पावणेतीन पट. करंगळी तिच्या मधोमध क्वचितच पडते, आणि कडेला दाबली की कोरडी कळ खडखडते.

तारेची टोकं जिथे प्लास्टिकमध्ये शिरतात तिथे डायइलेक्ट्रिक ग्रीस अगदी पातळ लावलं, मोहरीच्या दाण्याएवढं. पहिल्या खेपेला हात जड पडला आणि उजवी शिफ्ट जेलीतून वर यावी तशी सावकाश उठू लागली. चाचणीच्या उताऱ्यात लगेच ‘आङे’ दिसलं. ब्लू जाऊनही रेंगाळणारी शिफ्ट परत आली होती, या वेळी ग्रीसमुळे. जास्तीचं कागदाच्या टोकाने पुसून काढलं. शिफ्ट दाबून बोट झटकन उचला. ती ‘टक्’ करून वर आली पाहिजे. आली नाही तर ग्रीस जास्त आहे. म्हणूनच या कळांखाली 35 ग्रॅमसारखा फार मऊ स्प्रिंगचा स्विचही घालू नये. जड टोपी आणि तार दोन्ही उचलायची त्याला ताकद नसते.

मनगट आणि हातवळण

मनगटदुखीचा स्विचशी संबंध नव्हता. मेम्ब्रेनचा कीबोर्ड बसका होता, नव्याची पुढची कडच टेबलापासून सुमारे दोन सेंटिमीटर उंच आणि मागचे पाय उघडलेले. हात कोपरापासून वर चढून मग मनगटात मागे वाकत होता. मागचे पाय मिटले, खुर्ची उंच केली, पुढे कडेएवढ्याच उंचीची लाकडी पट्टी ठेवली. पट्टी टाइप करणं थांबलं की तळवे टेकायला आहे. टाइप करताना मनगट तिच्यावर रोवून बसलं तर दुखणं परत येतं.

हातवळणासाठी पहिले दोन आठवडे रोज वीस मिनिटं, मुदतीचं काम नसलेल्या वेळी. त्याच दिवशी जुन्या कीबोर्डकडे परत जायचं नाही, बोटं गोंधळतात. ‘शाळा’ हा शब्द सरावाला उत्तम: डावी शिफ्ट दाबा-सोडा, काना, पुन्हा दाबा-सोडा, काना. ‘अळणी’त उजवी, डावी, उजवी अशी शिफ्ट तीनदा बदलते आणि शेवटची वेलांटी शिफ्टशिवाय. हे दोन शब्द वेगात स्वच्छ उमटले तर बाकी फारशी चिंता नाही. क्ष, ज्ञ, त्र, श्र यांच्या आकड्यांच्या ओळीतल्या, शिफ्टसह येणाऱ्या एकेरी कळा शिकून घेतल्या तर हलन्ताची एक फेरी वाचते.

मराठीत कॅपिटल अक्षरंच नसल्याने कॅप्स लॉकची कळ रिकामीच असते. ती व्हायातून डावी शिफ्ट म्हणून लावली. करंगळीच्या शेजारीच, तार नाही, खडखड नाही. ज्यांची शिफ्ट तरीही चुकते त्यांच्यासाठी क्यूएमकेमध्ये ‘वन-शॉट’ शिफ्ट आहे: दाबून सोडायची, पुढचं एकच अक्षर शिफ्टचं येतं. विंडोजमध्ये स्टिकी कीज याच कामाच्या. इथे त्यांची गरज पडली नाही.

तीन आठवड्यांनी तोच उतारा पुन्हा टाइप करून घेतला. ‘ङ’ एकदाही आला नाही. ‘शाळा’ शाळाच राहिली. ‘काळ’चं ‘काल’ एकदा झालं, आणि ते अजूनही अधूनमधून होतं, म्हणून काल, बार, दार, गोला हे शब्द पाठवण्यापूर्वी मजकुरात शोधून बघायची यादी त्यांनी करून ठेवली आहे. दिवसाच्या शेवटी उजवी करंगळी थकते ती मात्र थकतेच. च, ट, ज, ड आणि य तिच्याकडे कीबोर्डने दिलेले नाहीत, लेआउटने दिलेले आहेत, आणि बाहेरच्या कुठल्याही कॉम्प्युटरवर बसायचं तर तो लेआउट बदलून चालत नाही.